तेवीस सवाष्णी आणि एकवीस शब्द

चि. पिराजीस ठकूअक्काचे पोटभर आशीर्वाद.

ठकूअक्का म्हणजे कोण ते आधीच सांगून टाकते, नाहीतर निम्मं पत्र होईपर्यंत तू कपाळाला आठ्या घालून बसशील. तुझ्या आईला तुझ्याआधी सात वर्षं एक मुलगी झाली होती. तिच्या कडेवर बसून तू सगळं गाव पाहिलंस आणि तिच्या परकराला नाक पुसलंस. तीच मी. अजून आहे. बेंगळुरात, इलेक्ट्रॉनिक सिटीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन वर्षांमागं भाऊबीजेला तू 'अक्का, उद्या फोन करतो' म्हणालास, तो उद्या इकडं अजून उगवलेला नाही. बसच्या वाटेत कुठं अडकला असेल म्हणून मी वाट बघते आहे. मीच फोन केला असता, पण तू फोन कानाला उलटा धरतोस आणि मग 'अक्का, तुझा आवाज गेला' म्हणून मलाच औषधं सांगतोस. म्हणून हे पत्र. कागद हरवता येतो, पण ऐकूच आलं नाही असं म्हणता येत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? डावा की उजवा ते मी विसरले, म्हणून दोन्हींची चौकशी समज. तुझ्या बायकोचं रक्तदाब की काय ते उतरलं का? म्हैस गाभण होती ती व्याली असेल, रेडा झाला असेल तर मला कळवू नकोस. इकडं मी बरी आहे. खाली बसले की उठता येत नाही आणि उठले की बसता येत नाही, मधल्या वेळात प्रकृती उत्तम असते.

हे पत्र हंबीर लिहितो आहे. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे, आपल्या घरात पाटी एकच आली आणि ती तुझ्या हाती गेली, मी ती नुसती पुसली. हंबीर चाळीस वर्षं एसटीच्या डेपोत कंट्रोलर होता, गाडी का उशिरा सुटली याचे खुलासे लिहिण्यात त्याचं आयुष्य गेलं. तेव्हा मधेच कुठं 'सदर इसम' किंवा 'अपरिहार्य कारणास्तव' असं आलं तर ते त्याचं समज, माझं नाही. (तो म्हणतो, आई, जे सांगशील तेच लिहितो. बघू.)

आता मूळ गोष्ट. हंबीरचा रणवीर इथं कंपनीत आहे आणि त्यानं आयर्लंडची मुलगी केली हे तुला माहीत आहे, कारण लग्नात तू तिच्याशी अर्धा तास कन्नडात बोललास. तिचं नाव नीव. मुलगी गुणाची आहे. भाकरी थापते, फक्त ती भाकरी कुठल्या बाजूनं गोल आहे ते शोधावं लागतं. तिच्या देशावर इंग्रजांनी आपल्याही आधी राज्य केलं आणि जाताना तिथली भाषा जवळजवळ बरोबर घेऊन गेले. उरली ती समुद्राकाठच्या थोड्या गावांत. नीव अशाच एका गावची. आम्ही तिला आयरिश भाषा म्हणतो, ती तिला गेल्गे म्हणते. शहाणी भाषा आहे. त्यांच्यात हो आणि नाही हे शब्दच नाहीत. 'जेवलास का?' असं विचारलं तर 'जेवलो' किंवा 'जेवलो नाही' असं सगळं सांगावं लागतं, मुंडी हलवून सुटका नाही. (हंबीरची नोकरी 'होय साहेब'वर झाली. तो त्या देशात जन्मला असता तर शिपाईसुद्धा झाला नसता. लिही, लिही.) आणि त्यांच्यात भूक लागत नाही, भूक माणसावर असते. थंडीही माणसावर, दुःखही माणसावर. मला हे फार पटलं. या वयात माझ्यावर सगळंच आहे, गुडघा आहे, ऊन आहे, हंबीर आहे.

रणवीरच्या मुलीला, आमच्या हर्षिताला, आता साडेतीन वर्षं झाली. जन्मल्यापासून नीव तिच्याशी गेल्गेतच बोलली. पोरीला सगळं कळायचं, पण तोंडातून जे बाहेर पडायचं ते शाळेचं इंग्रजी, आमच्याकडं कामाला येणाऱ्या धनलक्ष्मीचं कन्नड, आणि राग आला की माझं मराठी. (राग आल्यावरचं मराठी मी शिकवलं नाही. ती ऐकत होती हे मला माहीत नव्हतं.) आईची भाषा मात्र तिनं पोटात ठेवली होती. दर रविवारी नीवची आई, म्हणजे आपल्या नोरा विहीणबाई, फोनमध्ये दिसायच्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पांढरे केस, गालावर सफरचंदाचा रंग, आणि इंग्रजी येत असून न बोलण्याचा पण. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी नातीला काहीतरी लांबलचक, मायेचं विचारलं. पोरगी म्हणाली, 'हाय ग्रॅनी, बाय ग्रॅनी.' विहीणबाईंचं तोंड दूध नासल्यावर आपण पातेल्याकडं बघतो तसं झालं. नीव नळ सोडून न्हाणीघरात बसली आणि बाहेर आली ती निकाल घेऊनच. शिमग्यानंतर आई इथं येणार आहे. तोवर पोरगी आजीशी तिच्या भाषेत बोलली तर ठीक, नाहीतर जूनमध्ये सगळे तिकडं जाणार. रणवीरच्या कंपनीचं तिकडंही ऑफिस आहे. त्यानं मान हलवली.

मी बोलणार काय, ती आई आहे आणि मागते ते वावगं नाही. पण पिराजी, पोर तिकडं गेली की तिच्या तोंडातून आधी माझी भाषा जाणार आणि मग मी जाणार. वर्षाकाठी एकदा फोनात येईल आणि मला 'हाय पणजी, बाय पणजी' म्हणेल. तेव्हा मी मनाशी ठरवलं की या पोरीला गेल्गे बोलायला लावायची. मला येत नव्हती, एवढीच अडचण होती.

घरात सगळे कामाला लागले. रणवीरनं ऑफिसातून चिठ्ठ्या छापून आणल्या आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला तिचं गेल्गे नाव चिकटवलं, दाराला दाराचं, कुकरला कुकरचं. (त्या भाषेत लिहितात वीतभर आणि म्हणतात बोटभर, असं हंबीर म्हणतो. मला काय, मला दोन्ही सारखंच काळं दिसतं.) शनिवारी धनलक्ष्मी जाळी काढायला आली. तिला वाटलं हे पोरीचे खेळ. तिनं सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, पुसलं, आणि मग बाई प्रामाणिक, एकूण एक चिठ्ठी परत लावली, जिथं शोभेल तिथं. त्यानंतर अकरा दिवस आमचा हंबीर कुकरला खिडकी म्हणत होता. त्यात नीवनं नेम काढला की जेवताना फक्त गेल्गे. झालं, घरात जेवताना मसणवटीसारखी शांतता. हंबीरला भात हवा असला की तो खिडकी मागायचा, खिडकी कुणी वाढत नाही, तसाच उठायचा. त्याचं तीन किलो वजन उतरलं. हर्षिताला वाटलं मोठ्या माणसांचा मुका खेळ चालला आहे, तीही बोलायची बंद झाली. होतं तेही गेलं.

मी मात्र शिकत होते. मला अक्षर नाही, त्यामुळं कान आणि तोंड यांच्या मधे अडकायला काही नाही. दुपारी नीव लॅपटॉप मिटून भाजी चिरायला बसली की मी शेंगा सोलत जवळ बसायची. ती वस्तू उचलायची, नाव घ्यायची, मी म्हणायची. दोन महिन्यांत माझे एकवीस शब्द झाले. दूध, मीठ, दार, झोप, चंद्र, जोडे, असले रोजचे. पाठ केले नाहीत, मुरले. (हंबीर म्हणतो, दोन महिन्यांत एकवीस म्हणजे काही फार नाहीत. त्याला विचारलं तुझे किती. सदर इसम गप्प आहे.)

तेवढ्यात संक्रांत आली. नीवचं या घरातलं पहिलं हळदीकुंकू. वाण काय लुटायचं यावर चार दिवस गेले. या इमारतीत बायका एकमेकींना प्लास्टिकचे डबे देतात, मागच्या वर्षी मी दिलेली साबणदाणी यंदा सहाव्या मजल्यावरून मलाच परत आली, चरा ओळखीचा होता. नीवला प्लास्टिक चालत नाही आणि स्टील म्हणजे घरात भांड्यांचा डोंगर. तेव्हा मी म्हटलं, शब्द लुटूया. बाईला एक शब्द. इमारतीत तो बाईबाईच्या तोंडी राहील, पोरीच्या कानावर जिन्यात, लिफ्टमध्ये, फाटकाशी पडेल. नीवनं मला मिठी मारली, माझं ऐकू यायचं यंत्र निखळून पडलं.

इथंच माझी चूक झाली. मी तिला आपल्या आईचा नेम सांगितला नाही. तुला तरी आठवतो का? विसरला असशील, जरी तो वर्षभर तुझ्याच डोक्यात चावत होता. आई म्हणायची, वाणात जे दिलं ते पुढच्या संक्रांतीपर्यंत आपल्या घरात वापरायचं नाही, घरात उरलं तर ते दिलं नाही, नुसतं दाखवलं. ज्या वर्षी तिनं लाकडी फण्या लुटल्या त्या वर्षी आपल्या घरात कुणी केस विंचरले नाहीत आणि तुला उवांपायी मास्तरांनी शाळेतून घरी पाठवलं. पुढच्या वर्षी तिनं मीठ लुटलं. मग रोज वाटी घेऊन कुणाच्या तरी दारी, आणि रिकाम्या हातानं मागायचं नाही म्हणून वाटीत कधी चिंच, कधी चार मिरच्या. त्या वर्षी आईला गल्लीतलं घर न् घर आतून माहीत झालं.

तर हळदीकुंकू झालं. कुंकू नीवनं लावलं, वाण मी दिलं, मी विधवा बाई, कामाची वाटणी बरी पडली. मी खुर्चीत बसलेली, एकेक सवाष्ण वाकायची, मी तिच्या कानात शब्द सांगायची आणि तीनदा म्हणवून घ्यायची. समोरच्या सुप्रीताला दूध दिलं. धनलक्ष्मीला झोप दिली, बिचारीला तिचीच गरज होती. वॉचमन कल्लाप्पाच्या बायकोला दार दिलं, ते शोभून दिसलं. बायका खूश. प्लास्टिक नाही म्हणून वाईट वाटलेल्या दोघी होत्या, त्यांना मी चंद्र आणि मीठ दिलं. एकवीस झाल्या आणि बघते तर दोघी अजून बसलेल्या. एक असोसिएशनचे सेक्रेटरी रघुपती यांची बायको, आणि दुसरी तिची नणंद, जी आमंत्रण नसताना व्हाइटफील्डहून दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून आली होती. माझे शब्द संपले होते. नीव आत तिळगुळाचं बघत होती. आता तूच सांग, दारी आलेली सवाष्ण रिकाम्या कानानं कशी पाठवायची? मी माझ्या पेटीत हात घातला. नणंदेला, माणूस सकाळी उठून पहिलं जे खातं त्याला आपल्यात जो शब्द आहे तो दिला. आणि रघुपतींची बायको पुढं वाकली, तिच्या केसांत अबोली होती, आईसारखी. माझ्या तोंडात जे आलं ते देऊन बसले. बाई ज्या घरात जन्मते, जिथून तिला देऊन टाकतात आणि जिथला भाऊ मग तिला बोलवायला विसरतो, त्या घराला आपल्यात तीन अक्षरी एकच शब्द आहे. तो. अर्थ विचारला तर म्हटलं, गेल्गे आहे, जपून वापर.

म्हणून या पत्रात तुला तो शब्द सापडणार नाही. सकाळच्या खाण्याचाही नाही. दिलं म्हणजे दिलं. सुप्रीता उदार, पुढं खरं कळल्यावर ती म्हणाली, अज्जी, त्या घराचा आमचा कन्नड शब्द घ्या की स्वल्प दिवस, तवरुमने. पण तो तिचा आहे, माझ्या दातांत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीव पोरीला दूध पी म्हणाली आणि तो शब्द तिच्या तोंडातून निघायच्या आत मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हा तिला नेम कळला. मला वाटलं ही आता बॅगा भरते. ती भिंतीला टेकून हसायला लागली, आणि मग म्हणाली, बरं, मग दूध आणायचं कुठून? समोरून, मी म्हटलं. वाटीत दोन चमचे साखर घेऊन हर्षिताला सुप्रीताकडं पाठवलं. सुप्रीता ऑफिसच्या कॅबची वाट बघत होती, दारात उभी राहून तिनं पोरीला तो शब्द म्हणून दाखवला, पोरीनं तो तोंडात धरून आणला आणि आमच्या स्वयंपाकघरात सोडला. तेव्हा कुठं दूध प्यायलं गेलं.

तिथून जे सुरू झालं ते तुला खोटं वाटेल. मीठ हवं की पाचवा मजला. जोडे घालायचे की दुसरा. सकाळी साडेसातला या जिन्यात वाट्यांचीच रहदारी. कल्लाप्पाच्या बायकोनं दार नवऱ्याला ड्यूटीपुरतं वापरायला दिलं, तर तो तो शब्द म्हटल्याशिवाय आडवा बांबू वर करेना. जेवणाचे डबे पोचवणारे सगळे तो शब्द म्हणायला शिकले. सेक्रेटरी रघुपती यांनी नोटीस लावली की सामायिक जागेत परकी भाषा बोलण्यास मनाई आहे, पण नोटीस लावायला ते खाली आले आणि परत जाताना त्यांनाच बांबू उघडेना, शब्द म्हणावा लागला. सरी, म्हणजे बरं, म्हणाले, आणि नोटीस स्वतःच काढली. सगळ्यात हाल झोपेचे. धनलक्ष्मी भावजयीच्या डोहाळजेवणाला चार दिवस आनेकलला गेली आणि आमच्याकडं दुपारची झोप बंद. हर्षिता गादीवर ताठ बसून राहायची, शब्द आल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत म्हणायची. शेवटी धनलक्ष्मीला फोन. ती बसमध्ये उभी, कंडक्टर तिकीट मागतो आहे, आणि ही ओरडून झोप म्हणते आहे. पोर झोपली. धनलक्ष्मीनं सांगितलं की शेजारच्या सीटवरची बाईही झोपली.

आणि यातच ते झालं. नेम मला लागू, नीवला लागू, वाण घेतलेल्या बायका आपापल्या शब्दाच्या धनी. हर्षितानं काही दिलंही नव्हतं, घेतलंही नव्हतं. सगळे एकवीस शब्द म्हणायची मोकळीक घरात तिलाच एकटीला. नीव पूर्वीसारखीच तिच्याशी बोलायची, पण बोलता बोलता दिलेला शब्द आला की थांबायची. रस्त्यात खड्डा आला की रिक्षा थांबते तशी. पोर पहिले काही दिवस नुसती बघायची. मग वैतागली. आईला साधं दूध म्हणता येत नाही, काय हे. ती तो शब्द म्हणायची. मग त्याच्या मागचा म्हणायची, मग पुढचा. शिमग्याच्या सुमाराला ती आईचं अख्खं वाक्य तोंडातून काढून घेऊन स्वतः पुरं करायला लागली, आणि वर आईला बोटानं दटावायला लागली. मी हंबीरला म्हटलं, बघ, शिकवून येत नव्हतं, वाटून टाकल्यावर आलं. (तो म्हणतो, हे मी लिहिलं आहे. लिहिलंस ना, मग झालं.)

विहीणबाई आल्या. टॅक्सी फाटकाशी थांबली, कल्लाप्पा खिडकीशी वाकला आणि शिरस्त्याप्रमाणं त्यानं दार म्हटलं. बाईंनी सात समुद्र ओलांडले होते, वीस तास झोप नव्हती, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत पहिला माणूस भेटतो तो त्यांच्या गावचं बोलतो. त्या खाली उतरल्या, त्याचा हात हातात घेतला आणि दहा मिनिटं भडाभडा बोलल्या. कल्लाप्पा सभ्य माणूस, जिथं श्वास घ्यायला त्या थांबतील तिथं तो मान हलवून दार म्हणायचा. नंतर बाई म्हणाल्या, हा माणूस मोजकं बोलतो पण वेळेवर बोलतो. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या बाईनं त्यांना मीठ म्हटलं. वरती सुप्रीता दारातच उभी होती, ऑफिस बुडवून, दूध म्हणायला.

हर्षिता माझ्या लुगड्यामागं.  नीवनं डोळेच मिटून घेतले होते. विहीणबाई खाली वाकल्या आणि त्यांच्यातला नमस्कार म्हणाल्या, 'जिया ग्विच', म्हणजे देव तुझ्याजवळ. (हा मी वाणात दिला नव्हता, देवाचं आपण कोण देणार, म्हणून लिहायला चालतो.) पोरगी पदराबाहेर आली, तिनं आजीचा हात धरला आणि बोलायला लागली ती थांबेना. नीवनं मला हळूच सांगितलं काय ते. पोर म्हणत होती, आजी, आमच्याकडं दूध नाही, ते समोर असतं, जोडे दुसऱ्या मजल्यावर असतात, झोप संध्याकाळी बसनं घरी जाते, पण तू घाबरू नकोस, मी तुला सगळं आणून देते. विहीणबाई आपल्या बॅगेवरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी. बॅगेचं चाक निघालं.

त्या दिवशी पोरीनं आजीला मजल्यामजल्यावर नेऊन सगळे शब्द दाखवले. शेवटी आम्ही सगळ्या रघुपतींच्या दारी. त्यांच्या बायकोनं नवी साडी नेसून, हात जोडून, माझा तो शब्द म्हटला. विहीणबाईंनी पुन्हा म्हणायला लावला. हा काही आपल्यातला नाही, म्हणाल्या, याचा अर्थ काय? सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. पिराजी, चोरी पकडली गेल्यावर माणूस काय करतं, मी खरं सांगितलं. तो शब्द न म्हणता त्याचा अर्थ सांगितला, मराठीत, आणि हर्षितानं तो गेल्गेत सांगितला. बाई लेकीकडं बघत राहिल्या. त्या स्वतःच नीवचं ते घर आहेत, हे त्यांना कुणी एका शब्दात कधी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी रघुपतींच्या बायकोकडं तो शब्द मागितला. रिकाम्या हातानं नाही हं, गळ्यातली लोकरीची पट्टी काढून दिली. तिनं शब्द दिला. आता या उन्हात ती लोकर घालून बसते, घामोळं आलं आहे.

तर सांगायचं असं की पोर राहिली. जून रद्द. नीवनं बॅगा माळ्यावर टाकल्या, मी स्वतः खाली उभी राहून बघितलं. तुझ्या बायकोला सांग, तुझ्या नणंदेनं हे केलं, आणि तेही पाटीला हात न लावता. विहीणबाई म्हणतात, त्यांच्या गावात पोरं आता एकमेकांत इंग्रजीच बोलतात, एवढी गेल्गे त्यांनी पुष्कळ वर्षांत एका इमारतीत ऐकली नव्हती. त्या भारी आनंदात आहेत. मीही आहे. सगळं गोड झालं, देवाची दया.

मुलांना आशीर्वाद, म्हशीला चारा.

तुझी,
ठकूअक्का
(अंगठा उठवला आहे. शाई हंबीरच्या शर्टालाही लागली आहे.)

ता. क. हंबीरनं सगळं वाचून दाखवलं. कुकरला खिडकी म्हणायची गोष्ट त्यानं गाळली होती, मी परत घालायला लावली. तुला ती वर दिसली नाही तर मला कळव.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे, वरचं सगळं विसरलास तरी चालेल, नाहीतरी विसरशीलच. विहीणबाई परत गेल्या नाहीत. परतीचं तिकीट त्यांनी रद्द केलं, जिथं भाषा आहे तिथं मी राहणार म्हणतात. कुठं? तर माझ्या खोलीत. एक महिना झाला, दोन खाटा, मधे एक वीत. त्या पंखा लावू देत नाहीत आणि खिडकी लावू देत नाहीत, घोरतात ते समुद्राकाठचं घोरणं, भरती-ओहोटीसकट. भांडावं तर कशात? त्यांच्या भाषेतले माझे एकवीसच्या एकवीस शब्द मी लुटून बसले. त्यांना माझ्या भाषेतला एकच शब्द येतो, आणि तो नेमका मला म्हणता येत नाही. दिवसभर तो म्हणतात. खाटेकडं बघून म्हणतात, बटाट्याकडं बघून म्हणतात, परवा माझ्याकडं बघून म्हणाल्या आणि माझे केस विंचरून दिले. त्या आपल्या लेकीच्या घरी आल्या आहेत, बरं आहे. पण पिराजी, मी कुठं जाऊ? ऐंशीला आले. अशा वेळी बाईनं दोन महिने जायचं घर एकच असतं आणि त्याचं नाव मी वाणात दिलं. मला ते मागता येत नाही. ते तूच म्हणायला हवंस. अक्षय्यतृतीयेच्या आत मुराळी होऊन ये, दारात उभा राहा आणि तीन अक्षरं मोठ्यानं म्हण, अक्का, चल म्हण, माझी पिशवी मागच्या शनिवारपासून भरलेली आहे. (हंबीर लिहायचा थांबला आहे. लिही रे, डोळे नंतर पूस.)

ता. क. तिसरा. येताना शेंगांच्या पोळ्या आण, बावीस आण, तूप लावून फडक्यात बांधून, प्लास्टिकच्या डब्यात नाही, नीव फाटकातून परत पाठवेल. फाटकाशी कल्लाप्पा सांगेल तो शब्द म्हण, नाहीतर पोळ्यांसकट बाहेर राहशील. काकवीही आण, डबा उभा धर, मागच्या वेळी निपाणीच्या गाडीत आडवा झाला आणि सगळ्या प्रवाशांना मुंग्या लागल्या. वीस पोळ्या इथल्या माणसांच्या. वरच्या दोन जरा मोठ्या लाट आणि गूळ जास्त घाल, त्या नोरा विहीणबाईंच्या हातावर ठेवायच्या आहेत, तुझ्याबरोबर निघताना तो शब्द दोन महिन्यांपुरता उसना मागायचा आहे, आणि रिकाम्या हातानं मागायची आपल्यात पद्धत नाही.